पाचवीची रात्र

पाचव्या दिवशी संध्याकाळी आजीनं पाटा मागितला. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर तो गॅलरीत, तुळशीच्या कुंडीखाली होता. तिनं तो स्वतः घासून धुतला, हळद-कुंकू वाहिलं आणि शेजारी कोरा कागद नि पेन ठेवलं. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. दिवा विझू द्यायचा नाही, घरातलं कुणीतरी जागं हवं.

मला जागं राहायला कुणी सांगायची गरज नव्हती. छाती दगडासारखी झाली होती, टाके ओढत होते, बाळ दोन घोट पिऊन झोपून जायचं. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं पाठ होतं. तरी दुपारपासून डोळ्यांना धार लागली होती. आजी म्हणाली, "रड गं. दूध उतरतं तेव्हा डोळेपण उतरतात."

दोनच्या सुमारास बाळाला घेऊन बसले, तर आजी सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन जागीच होती. तिनं विचारलं, "तुला पोटुशी असताना ती धनुर्वाताची इंजेक्शनं दिली होती ना?" मी हो म्हटलं. मग ती बोलायला लागली.

माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. सातारा जिल्ह्यातलं गाव, 1961 साल. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, वर शेणीची राख दाबली. चीक पिळून टाकला, तीन दिवस मधाचं बोट. "सहाव्या दिवशी दूध ओढीना. दातखीळ बसली. हात लावला की अंग कमानीसारखं ताठायचं. आठव्या दिवशी गेला. सगळी म्हणाली, सटवीनं नेला."

मातीतले धनुर्वाताचे जंतू नाळेच्या जखमेतून शिरले, की लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसतात. सटवाईची रात्र नेमकी तेव्हाच यावी, हा मला योगायोग वाटत नाही. आमच्या बायकांना कारण माहीत नव्हतं, पण धोक्याचे दिवस त्यांनी बरोबर मोजले होते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं बाळही दहाच दिवस जगलं. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. 1886 साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. तो दहा दिवसांचा मुलगा त्या अभ्यासातून वेगळा काढता येईल, असं मला वाटत नाही. पुढे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब राखत. तिथली अर्भकं कितीतरी कमी दगावू लागली, हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतापुरतं जाहीर व्हायला 2015 साल उजाडलं. आजी तोवर पणजी व्हायच्या वयाला आली होती.

तिनं राख सोडली, मध सोडला, धुरीही सोडली, कुणी न सांगता. अळिवाची खीर, जेवणानंतर चिमूटभर बाळंतशोपा, पाठीला शेक आणि सव्वा महिना बाळंतिणीला एकटं न सोडणं, एवढं मात्र तिनं घट्ट धरलं. मला त्यातलं शेवटचंच सगळ्यात जास्त लागलं. खीर कुणीही करून डब्यात दिली असती. रात्री तीन वाजता अंधारात आपल्याबरोबर दुसरं कुणी जागं असणं, ते डब्यातून येत नाही.

"नाव काय ठेवणार होतात त्याचं?" मी विचारलं.

"बारशापर्यंत पोचलाच नाही," ती म्हणाली आणि बाळाचा उघडा पडलेला पाय दुपट्यात सारला.

बाळ त्या वेळी पहिल्यांदा नीट, घटाघट प्यायलं. वेळ टिपून ठेवायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून पाट्याजवळचा कागद ओढून मी लिहिलं: 3.10, डावीकडे, पंधरा मिनिटं. सटवाईचा कागद आपण वापरला म्हणून चपापले. आजीनं तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि पेन पुन्हा माझ्या हातात दिलं.

"उजवीकडचंपण लिही."