भरपाईच्या वहीतला कुलाबा

श्रोतेहो, कुलाबा किनाऱ्याचा इतिहास म्हटला की प्रथम आंग्र्यांचे आरमार आठवते. आम्ही आज ज्या साधनाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, ते मात्र अगदी रूक्ष आहे : कामगार नुकसानभरपाईच्या नोंदी. कोणाचा कोणता अवयव गेला आणि त्याचे किती रुपये मिळाले, एवढेच त्यांत असते. त्यांवरून श्रमाचा इतिहास लिहिता येईल काय? येईल, पण ही वही काय टिपते आणि काय सोडते, हे आधी ओळखले पाहिजे.

हा कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने जखमी कामगाराच्या डोक्यावरून बहुतांशी उतरविले. त्याबरोबर शरीराचे दरही ठरले. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा २५ने घटली असे धरीत, एक डोळा गेला तर ३०ने. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम. ती कमिशनरकडेच भरावी लागे. म्हणून मृत्यूची नोंद त्यातल्या त्यात भरवशाची.

किरकोळ जखमांचे तसे नाही. प्रारंभी दहा दिवसांहून अधिक काळ काम बुडाले तरच भरपाई मिळे. १९३३ साली ही मुदत सात दिवसांवर आणि १९५९ साली तीन दिवसांवर आली. अशा दुरुस्तीनंतर आकडे वाढलेले दिसले, तर यंत्रे अधिक क्रूर झाली असे म्हणण्याची घाई करू नये. जाळ्याची वीण बारीक झाली की मासळी अधिक लागते, एवढेच. उलट १९४८च्या राज्य विमा कायद्याखाली आलेल्या कामगारांची भरपाई विम्याकडे गेली. जुन्या वहीतून ते वजा झाले, पण त्यांची बोटे काही सुरक्षित झाली नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथील कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत राबली. अपघात जेथे घडला तेथील कमिशनरपुढेच प्रकरण चाले. दावेदाराच्या राहत्या ठिकाणी दाद मागण्याची सोय १९९५च्या दुरुस्तीने झाली. तोवर माणगाव-रोह्याच्या माणसाचा तुटलेला हात मुंबईच्या खात्यावर पडे आणि विधवेला मुंबईची वारी घडे. याच जिल्ह्यातील गोरेगावी जन्मलेले नारायण मल्हार जोशी हा कायदा झाला तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीने बसत होते. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनचेही ते सभासद होते आणि त्या कमिशनच्या शिफारशींनंतरच १९३३ची दुरुस्ती झाली.

रोगांची कथा याहून बिकट. मूळ यादीत अँथ्रॅक्स, शिशाची आणि फॉस्फरसची विषबाधा असे मोजकेच रोग होते. कापसाच्या धुळीने छाती भरलेला गिरणीकामगार खोकत गावी परतला, तर त्याचे मरण घरचे मरण ठरे. आणि स्वतःच्या होडीतून समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला तर मालकच नाही. मग त्याने भरपाई कोणाकडे मागावी? नैमित्तिक मजुरांपैकी अनेकांना बाहेर ठेवणारी अटही २००० सालापर्यंत कायद्यात होती.

आज हा किनारा बदलला आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, थळला खतांचा कारखाना उभा आहे, आणि संसदेने २०२० साली संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत नुकसानभरपाईचा विषयही घेतला आहे. अशा वेळी कोऱ्या रकान्याला सुरक्षिततेचा दाखला समजणे घातक होय. भरपाईची वही दवाखान्याच्या केसपेपराशी आणि गावच्या मृत्युनोंदीशी ताडून पाहावी. तिन्हींत जी तफावत निघेल, तेथेच ज्यांना कोणी मोजले नाही ती माणसे सापडतील.