परवाना आणि ओळंबा : धार-देवासकडील घरबांधणीचा एक धांडोळा



स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय कळविला, तेव्हा एका स्नेह्यांनी हसून विचारले, "घर बांधायची परवानगी हा नगरपालिकेच्या खिडकीवरचा विषय, तो व्यासपीठावर कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु माळव्यात राहणाऱ्या माणसाने तरी या विषयाला क्षुद्र म्हणू नये. कारण घर कोणी बांधावे, ते बांधणाऱ्यास काय यावे आणि ते कोणी पाहावे, या प्रश्नांचा विचार आपल्या शेजारच्या धारानगरीत अकराव्या शतकातच झालेला आहे.

परमार भोजाच्या नावावर असलेला 'समराङ्गणसूत्रधार' हा वास्तुग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९२४ व १९२५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचे ८३ अध्याय आहेत. नगररचना, घरे, राजवाडे, देवळे, यंत्रे, चित्रकला असा त्याचा मोठा पसारा आहे. आपल्या कामाचा भाग आहे तो स्थपतीच्या लक्षणांचा. नुसते शास्त्र जाणणारा आणि हाताने काम न केलेला माणूस प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगणावरील भित्र्यासारखा गोंधळतो, आणि नुसते काम जाणणारा पण शास्त्र न शिकलेला माणूस आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या हाताला धरून चालतो, असे तेथे सांगितले आहे. शास्त्र न जाणता अहंकाराने बांधायला निघालेल्याला तर ग्रंथकार लोकांचा घात करणारा समजतो आणि राजाने त्याला कठोरात कठोर शासन करावे म्हणतो. शिक्षेचे प्रमाण आपण सोडून देऊ. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, वाईट घर हा या लेखकाच्या लेखी मालकाचा खासगी तोटा नव्हता. तो राज्याचा गुन्हा होता.

वास्तुग्रंथांतून सर्वत्र आढळणारी जमिनीची एक परीक्षाही येथे सांगायला हवी. हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यात भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर टाकाऊ. ही परीक्षा घरात बसून करता येत नाही. तिच्यासाठी जागेवर जाऊन उकिडवे बसावे लागते.

भोजानंतर सातशे वर्षांनी मराठे या मुलखात आले. १७२८ च्या नोव्हेंबरात धारजवळील अमझेऱ्याला लढाई झाली आणि पुढील काही वर्षांत पवारांचा अंमल धार व देवास येथे स्थिरावला. ज्या पुण्याच्या आज्ञेने ही मंडळी इकडे आली, तेथेही त्याच सुमारास एक घर उभे राहत होते. शनिवारवाड्याचा पाया जानेवारी १७३० मध्ये घातला गेला आणि वास्तुशांत जानेवारी १७३२ मध्ये झाली. या वाड्याविषयी दोन गोष्टी परंपरेने सांगतात. एक अशी की, पूर्ण दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून वरचे काम विटांचे झाले. दुसरी अशी की, उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा शाहू महाराजांच्या हरकतीमुळे अडून राहिला. इतिहासाच्या काट्यावर या कथा किती उतरतात ते जाणकारांनी पाहावे. मला त्यांत परवान्याची एक जुनी, पूर्ण वेगळी कल्पना दिसते. परवाना मागायचा तो भिंत पडेल म्हणून नव्हे, तर मान दुखावेल म्हणून. वरच्याने पाहायचे ते घराचे तोंड कुठे आहे, पाया किती खोल आहे हे नाही.

परवान्याच्या या दुसऱ्या जातीचे टोक देवासात पाहायला मिळते. तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या वंशांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. गावातून जाणाऱ्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची तर दुसरी बाजू दुसऱ्या पातीची. पाण्याची आणि दिव्याबत्तीची व्यवस्थाही दोन्हीकडे निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात समोरासमोरच्या दोन ओट्यांना दोन सरकारे असावीत, हे आज ऐकताना गंमत वाटते. पण भिंत, पन्हाळ आणि मोरीचे पाणी यांना पाती कळत नाहीत. घरबांधणीतले निम्मे तंटे शेजाऱ्याच्या हद्दीचे असतात, आणि येथे तर शेजारीच परराज्यातला!

थोरल्या पातीच्या नव्या राजवाड्याची हकीकत याहून बोलकी आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली काही महिने तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून देवासात होते. त्यांनी १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नवा वाडा अजून बांधून व्हायचा होता आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेले त्याचे भाग तोवर पडायलाही लागले होते, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. महाराज प्रेमळ, भाविक, बुद्धिमान; फॉर्स्टर यांना त्यांच्याविषयी अखेरपर्यंत जिव्हाळा होता. पण बांधणारा, पैसे देणारा आणि परवानगी देणारा जेथे एकच असतो, तेथे 'ही भिंत ओळंब्यात नाही' असे कोणी कोणाला म्हणायचे? संस्थानाची आर्थिक घडी पुढे पार विसकटली. तिची कारणे अनेक होती. सगळे माप वाड्याच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. १९३३ साली महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले.

आज आपण ज्याला परवाना म्हणतो, तो या दोन्ही कल्पनांतून आलेला नाही. तो आला प्लेगातून. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींचा प्रश्न सरकारच्या अंगावर आला. १८९८ साली तेथे सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. घराभोवती किती जागा मोकळी सोडावी, खोलीत उजेड किती कोनातून यावा, असल्या गोष्टी तेव्हापासून कायद्याच्या भाषेत बोलल्या जाऊ लागल्या. आपल्या शेजारी इंदूरला होळकर दरबारने पॅट्रिक गेडिस यांना बोलावले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली निघाला. गेडिस यांची रीत मला फार आवडते. ते नकाशावर रेघ ओढून मोहल्ले पाडीत नसत. गल्लीगल्लीतून पायी हिंडत, कोणते पडके घर काढले की दहा घरांना वारा मिळेल ते पाहत, आणि बाकीची वस्ती तशीच ठेवीत. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी तेथे मोठी मिरवणूक काढविली, तिचा मार्ग ठरला तो घरे-रस्ते स्वच्छ ठेवणाऱ्या वस्त्यांतून.

१९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या, १९५६ साली मध्यप्रदेश झाला. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली आली. आपल्या राज्याचे भूमी विकास नियम १९८४ चे, आणि त्यांच्या जागी आलेले २०१२ चे. कागद आता भरपूर आहेत. पण आपली माती त्या कागदांच्या आधीची आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातून खाली मुरमापर्यंत गेला नाही तर घर दरवर्षी थोडे वर, थोडे खाली होत राहते. वडिलांनी घर बांधले तेव्हा मी या शाळेत पाचवीत होतो. एके दिवशी सायकलवरून एक वयस्क ओव्हरसियर आले. त्यांनी नकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. गवंड्याच्या हातची पहार घेऊन पायाच्या चरात उतरले आणि ती मारली. पहार वीतभर आत गेली. "अजून दोन हात खाली जा," एवढेच बोलून ते निघून गेले. वडील दोन दिवस खर्चाच्या नावाने चडफडत होते. ते घर आजही सरळ उभे आहे.

या पहारीची किंमत महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजली. किल्लारीच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील बहुतेकांना मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. त्या घरांत मेहनत कमी नव्हती, पैसाही कमी नव्हता. कोपऱ्याला दगड दगडात गुंतवा, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला, हे सांगणारा माणूस तेवढा गावात कधी आला नव्हता. पुढे पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, आणि त्यांशिवाय मोठ्या संख्येने घरे मालकांनी स्वतः दुरुस्त केली. तेव्हा अभियंते गावोगाव फिरले, काम टप्प्याटप्प्याने पाहून पुढचा हप्ता देण्याची पद्धत आली, आणि 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या गावातल्याच बायका शेजारणींना भिंतीतला बांध कशासाठी ते समजावू लागल्या. भोजाच्या ग्रंथातील शास्त्र आणि कर्म यांची भेट इतक्या साधेपणाने झालेली मी अन्यत्र वाचलेली नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने देवासच्या एका नव्या वसाहतीत घर काढले. नकाशा संगणकावरून दाखल झाला, मंजुरीही लवकर मिळाली. खेटे घालावे लागले नाहीत, कोणाचे हात ओले करावे लागले नाहीत. ही सुधारणा खरी आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मी त्याला फक्त विचारले, "पाया पाहायला कोण येणार?" त्याने परवान्याचा कागद पुढे केला. मग आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्याने चरात उतरून पहार मारली. नकाशात पाया चार फुटांचा होता. मुरूम साडेपाच फुटांवर लागला.