ब्लूज गिटारवादनातील ट्रायड व पेंटाटॉनिक स्केल

ब्लूज गिटारवादनात ट्रायड व पेंटाटॉनिक स्केल यांचा मेळ घालणे ही एकल वादनाची, म्हणजेच सोलोची, एक रूढ पद्धत आहे. या पद्धतीत धून मुख्यतः पाच स्वरांच्या पेंटाटॉनिक स्केलवर उभी असते. साथीतील कॉर्ड बदलली, की त्या कॉर्डचे तीन मूळ स्वर, म्हणजे ट्रायड, धुनेत आणले जातात. त्यामुळे साथीला कोणी नसले तरी कॉर्ड कोठे बदलली हे श्रोत्याला केवळ सोलोवरून समजते. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत ही पद्धत बऱ्याच अंशी समजावून देता येते. मात्र रागसंगीतात कॉर्डची कल्पना नसल्यामुळे एका टप्प्यावर ही तुलना थांबते.

स्वरसामग्री

पेंटाटॉनिक स्केल म्हणजे पाच स्वरांची मालिका. भारतीय संगीतात अशा रागांना औडव जातीचे राग म्हणतात. ब्लूजमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी मायनर पेंटाटॉनिक स्केल षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद या स्वरांची असते. हेच स्वर धानी रागाचे आहेत. मेजर पेंटाटॉनिकचे स्वर षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम व धैवत हे असून ते भूप रागाचे स्वर होत. या दोन्ही मालिका मूर्च्छनेने एकमेकींशी जोडलेल्या आहेत. भूपातील धैवताला षड्ज मानून तेच स्वर वाजविले, तर धानी मिळतो; गंधाराला षड्ज मानले, तर मालकंस आणि पंचमाला मानले, तर दुर्गा. गिटारवर याचा व्यावहारिक उपयोग असा, की मायनर पेंटाटॉनिकची बोटांना सवयीची झालेली आकृती तीन पडदे खाली सरकविली असता त्याच षड्जाची मेजर पेंटाटॉनिक हाती येते.

ट्रायड म्हणजे एक स्वर, त्याचा तिसरा व त्याचा पाचवा. मेजर ट्रायडमध्ये पहिल्या व दुसऱ्या स्वरांत चार अर्धस्वरांचे, तर दुसऱ्या व तिसऱ्या स्वरांत तीन अर्धस्वरांचे अंतर असते. सा-ग-प हा त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना. हे तीन स्वर कोणत्याही क्रमाने आले तरी ट्रायड तोच राहतो, फक्त त्याचा तळाचा स्वर बदलतो. ट्रायडमधला मधला स्वर सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच ठरवितो.

बारा बारचे आवर्तन

ट्वेल्व्ह-बार ब्लूज या नावाने ओळखला जाणारा आराखडा प्रत्येकी चार मात्रांच्या बारा बारांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचा असतो. पहिल्या चार बारांत षड्जाची कॉर्ड असते, पाचव्या व सहाव्यात मध्यमाची, सातव्या व आठव्यात पुन्हा षड्जाची. नवव्या बारला पंचमाची कॉर्ड येते, दहाव्याला मध्यमाची आणि शेवटच्या दोन बारांत आवर्तन षड्जावर परतते. या आराखड्याचे अनेक पाठभेद आहेत. दुसऱ्याच बारला मध्यमाच्या कॉर्डवर जाणे हा त्यांतील फार प्रचलित भेद. तालाच्या आवर्तनात खाली आणि सम यांची जागा ठरलेली असते, तसे या आराखड्यात पाचवा, नववा व अकरावा हे बार श्रोत्याला आधीच अपेक्षित असतात. सोलो ऐकताना कान तेथे काहीतरी घडण्याची वाट पाहत असतो.

पाच स्वर कोठे अपुरे पडतात

मायनर पेंटाटॉनिकचे मोठे आकर्षण म्हणजे ती बाराही बारांवर न बदलता चालते. नवशिका वादक पाच स्वरांत कोठेही फिरला तरी फारसे बेसूर होत नाही, आणि म्हणूनच शिकण्याची सुरुवात बहुधा तेथून होते. पण याच सोयीत तिची उणीव दडलेली आहे.

तिन्ही कॉर्डचे ट्रायड सरगममध्ये मांडले असता ही उणीव स्पष्ट दिसते. षड्जाचा ट्रायड सा-ग-प, मध्यमाचा म-ध-सा आणि पंचमाचा प-नि-रे. यांतील सर्व स्वर शुद्ध आहेत. मायनर पेंटाटॉनिकमध्ये पहिल्या ट्रायडचे सा व प आहेत, दुसऱ्याचे म व सा आहेत, तिसऱ्याचा मात्र एकटा प आहे. शुद्ध गंधार, शुद्ध धैवत व शुद्ध निषाद हे तिन्ही ट्रायडचे मधले स्वर या स्केलमध्ये मुळीच नाहीत. कॉर्डची ओळख पटविणारा नेमका तोच स्वर प्रत्येक वेळी गैरहजर असतो. त्यामुळे केवळ या स्केलवर वाजविलेला सोलो सुरेल असूनही एकाच जागी उभा असल्यासारखा वाटू शकतो; साथ थांबवली तर आवर्तन पाचव्या बारवर आहे की नवव्या, हे सांगता येत नाही.

मेजर पेंटाटॉनिकमध्ये गंधार व धैवत आहेत, म्हणून ती षड्जाच्या कॉर्डवर अधिक गोड लागते. तिच्यात निषाद नाही. शिवाय मध्यमाची कॉर्ड आली, की तिचा शुद्ध गंधार खटकू लागतो, कारण ब्लूजमध्ये मध्यमाच्या कॉर्डला सहसा कोमल गंधाराची जोड दिलेली असते. म्हणजे दोहोंपैकी एकच स्केल शेवटपर्यंत पुरत नाही.

मायनर ब्लूजमध्ये ही अडचण कमी भासते. तेथे षड्जाची कॉर्ड सा-कोमल ग-प अशी असते आणि हे तिन्ही स्वर स्केलमध्ये आधीच असतात. बी. बी. किंग यांचे १९६९ चे ‘द थ्रिल इज गॉन’ हे मायनर ब्लूजचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

दोन गंधारांचा प्रश्न

ब्लूजचा विशिष्ट रंग मुख्यतः गंधाराभोवती जमतो. साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असताना धुनेत कोमल गंधार येतो. पुष्कळदा गायक व वादक या दोहोंच्या मधली जागा घेतात. गिटारवर कोमल गंधाराची तार किंचित ओढून ती जागा साधली जाते. मींड व श्रुती यांची सवय असलेल्या कानाला ती चटकन ओळखू येते, पण हार्मोनियमवर ती वाजविता येत नाही.

दोन्ही गंधार व कोमल निषाद घेणारा, ऋषभ व धैवत वर्ज्य असलेला जोग राग हा ब्लूजचा हिंदुस्थानी शेजारी म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो. स्वरांपुरते हे साम्य खरे आहे. मात्र जोगात शुद्ध गंधार केव्हा आणि कोमल केव्हा हे रागाच्या चलनावरून ठरते. शुद्ध गंधार आरोहात येतो आणि कोमल गंधार उतरताना षड्जाकडे नेतो. ब्लूजमध्ये हा निर्णय मोठ्या प्रमाणात त्या क्षणी वाजणाऱ्या कॉर्डवर सोपविलेला असतो. षड्जाच्या कॉर्डवर कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर चढणे आणि पाचव्या बारला तोच शुद्ध गंधार अर्ध्या स्वराने उतरवून पुन्हा कोमल करणे ही या पद्धतीतील सर्वांत साधी आणि कदाचित सर्वांत परिणामकारक हालचाल आहे. एक स्वर अर्धी पायरी उतरतो आणि कॉर्ड बदलल्याचे श्रोत्याला कळते. त्याच क्षणी कोमल निषादावरून शुद्ध धैवतावर उतरले, तरी हाच परिणाम मिळतो. नवव्या बारला षड्जावरून शुद्ध निषादावर येणे हीसुद्धा अशीच अर्ध्या स्वराची हालचाल होय. तेथे कोमल निषाद चालतच नाही असे नाही. तो खरखरीत लागतो आणि कित्येक वादकांना तीच खरखर हवी असते.

गिटारवरील मांडणी

‘ए’ हा षड्ज मानला, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सहा, तर मायनर पेंटाटॉनिकची सर्वपरिचित आकृती पाचव्या ते आठव्या पडद्यांच्या दरम्यान येते. तिन्ही ट्रायड याच आकृतीच्या आसपास, पहिल्या तीन बारीक तारांवर सापडतात. षड्जाच्या ट्रायडसाठी तिसऱ्या तारेचा सहावा पडदा, दुसरीचा पाचवा व पहिलीचा पाचवा. मध्यमाच्या ट्रायडसाठी त्याच क्रमाने सातवा, सातवा व पाचवा. पंचमाच्या ट्रायडसाठी चौथा, पाचवा व चौथा.

या मांडणीत हात जवळजवळ जागचा हलत नाही. तिसऱ्या तारेवर पाचवा पडदा कोमल गंधाराचा, सहावा शुद्ध गंधाराचा व सातवा मध्यमाचा आहे. म्हणजे पेंटाटॉनिकचे दोन स्वर आणि ट्रायडने आणलेला तिसरा एकाच तारेवर शेजारीशेजारी बसतात. कोमल गंधार छेडून त्याच आघातात पुढच्या पडद्यावर बोट आपटले, की हॅमर-ऑन या नावाने ओळखली जाणारी ब्लूजमधील सर्वाधिक ऐकू येणारी लकेर तयार होते. म्हणून स्केल व ट्रायड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे मानून त्यांच्या आकृत्या वेगवेगळ्या पाठ करण्यापेक्षा स्केलच्या कोणत्या स्वराशेजारी ट्रायडचा कोणता स्वर आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

सोलोच्या प्रत्येक मात्रेवर ट्रायड वाजविणे अपेक्षित नसते. तसे केल्यास वादन कॉर्डच्या पाढ्यासारखे वाटू लागते आणि गायनाशी असलेले ब्लूजचे नाते तुटते. सर्वसाधारणपणे वाक्याची सुरुवात पेंटाटॉनिकमध्ये होते आणि वाक्य नव्या कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर ट्रायडच्या स्वरावर येऊन थांबते.

प्रमुख वादक

मिसिसिपीचे रॉबर्ट जॉन्सन यांच्या १९३६ व १९३७ मधील ध्वनिमुद्रणांत एकाच गिटारवर साथ आणि लकेर दोन्ही वाजतात. आवर्तनाच्या शेवटी कॉर्डचे स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरवीत नेणारे त्यांचे तुकडे पुढील पिढ्यांनी जसेच्या तसे उचलले. टी-बोन वॉकर यांनी १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘कॉल इट स्टॉर्मी मंडे’ या गाण्यातून जॅझच्या भरगच्च कॉर्ड विद्युत गिटारच्या ब्लूजमध्ये रुळल्या. बी. बी. किंग यांच्या सोलोत दोन्ही पेंटाटॉनिकांची सरमिसळ कमालीच्या काटकसरीने होते. १९६४ मध्ये शिकागो येथे ध्वनिमुद्रित झालेला ‘लाइव्ह ॲट द रीगल’ हा संग्रह त्यासाठी आवर्जून ऐकला जातो. उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजविणारे अल्बर्ट किंग मात्र मुख्यतः मायनर पेंटाटॉनिक आणि तार खूप दूरवर ओढणे यांवरच विसंबले. ट्रायडचा सोस न धरताही ब्लूज पूर्ण होऊ शकतो, याची आठवण त्यांचे वादन करून देते. जिमी हेंड्रिक्स यांच्या १९६७ च्या ‘लिटल विंग’मध्ये ट्रायडच्या आकृतीत बोटे ठेवूनच भोवतीच्या पेंटाटॉनिक स्वरांनी तिला सजविले आहे. गिटारच्या विद्यार्थ्यांसाठी तो या पद्धतीचा जवळजवळ पाठच झाला आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

कॉर्डवर आधारलेले संगीत मुंबईत प्रामुख्याने हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांतून आणि त्यांतील गोमंतकीय वादकांमार्फत रुजले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्या संगीतकारांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्ययोजनेत हार्मनी आणली. त्यामुळे रागावर बेतलेल्या चालीखाली कॉर्ड बदलत असल्याचा अनुभव मराठी श्रोत्याला, त्याचे नाव ठाऊक नसतानाही, अनेक दशकांपासून आहे. ब्लूजला वाहिलेला महिंद्रा ब्लूज महोत्सव २०११ मध्ये वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओत सुरू झाला व पहिल्याच वर्षी तेथे बडी गाय यांचे वादन झाले.

खान्देशात, म्हणजे जळगाव व धुळे परिसरात, या शैलीची स्वतंत्र परंपरा नाही. ब्लूजच्या जन्मभूमीशी या प्रदेशाचा जुना संबंध आहे तो कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस मिळेनासा झाला आणि खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मागणी व भाव आला. त्याच दक्षिणेत, गुलामगिरी संपल्यानंतरच्या दशकांत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांतून ब्लूज आकाराला आला. खान्देशाची श्रमगीते वेगळ्या वळणाची आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांमागे उभी असलेली जात्यावरची ओवी मोजक्याच स्वरांत फिरते, पण तिच्याखाली जात्याची अखंड घरघर असते, बदलणारी कॉर्ड नसते.

रागसंगीताच्या शिक्षणातही हेच घडते. बालगंधर्वांनी बालपणी जळगावात गाण्याचे धडे घेतले तेव्हापासून आजच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांपर्यंत विद्यार्थ्याचा कान तंबोऱ्याच्या न बदलणाऱ्या षड्ज-पंचमावर तयार होतो. असा विद्यार्थी गिटारकडे वळला, की भूप व धानी त्याच्या गळ्यात आधीच असतात. नवी असते ती आधारस्वर बदलण्याची जाणीव. तिच्यासाठी हार्मोनियमच पुरेशी आहे. पांढरी सहा षड्ज धरून बारा बारांच्या आराखड्याप्रमाणे सा-ग-प, म-ध-सा व प-नि-रे हे ट्रायड एका हाताने दाबून ठेवायचे आणि वर केवळ धानीच्या स्वरांत गायचे. काही आवर्तनांनंतर पाचव्या, सातव्या, नवव्या, दहाव्या व अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेवर तेवढा त्या-त्या ट्रायडचा मधला स्वर घ्यायचा. पाचव्याला धैवत, सातव्याला गंधार, नवव्याला निषाद, दहाव्याला पुन्हा धैवत, अकराव्याला पुन्हा गंधार. नंतर हार्मोनियम बंद करून हेच नुसते गायचे आणि कॉर्डचे बदल ऐकू येतात का ते पाहायचे. ते ऐकू येऊ लागले, की हीच वाक्ये गिटारच्या पाचव्या पडद्याभोवती बसवायची.