तीन इंची

इटलीच्या लढाईबद्दल आजोबा बोलायला लागले की आधी चिखल यायचा, मग खेचरं यायची. शत्रू जवळजवळ यायचाच नाही. लहानपणी आम्हा नातवंडांचा त्यामुळे विरस व्हायचा. ‘‘तुम्ही किती मारले?’’ असं विचारलं की ते म्हणत, ‘‘आमाला समोरचा दिसायचाच न्हाई रं. आमी आकडं ऐकायचो नि बॉम्ब सोडायचो.’’

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, मॉर्टर प्लाटूनला होते. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर १९४३ च्या सप्टेंबरात इटलीच्या दक्षिणेला उतरली आणि १९४५ च्या वसंतापर्यंत उत्तरेकडे सरकत राहिली. सगळा डोंगराळ मुलूख. एक डोंगर घेतला की पुढं नदी, नदी ओलांडली की पुन्हा डोंगर.

अशा मुलखात मॉर्टरशिवाय, म्हणजे उखळी तोफेशिवाय, चालत नसे. साधी तोफ सरळ मारा करते, तेव्हा टेकडीपलीकडच्या उतारावर दडून बसलेला माणूस सुटतो. उखळीचा बॉम्ब उंच चढून जवळजवळ उभाच खाली येतो. आजोबांच्या ‘तीन इंची’ उखळीचे तीन भाग होते: नळी, दोन पायांची घोडी आणि बेसप्लेट. प्रत्येक भाग वीस किलोच्या आसपास. शिवाय साडेचार किलोचा एकेक बॉम्ब. खेचराचा पाय जिथं टिकत नसे, तिथं हे सगळं माणसांच्या पाठीवर चढायचं. पल्ला साधारण अडीच किलोमीटर, म्हणजे तोफ लावायची ती पायदळाच्या पाठीशीच.

आजोबा बेसप्लेटबद्दल तासभर बोलू शकत. हिवाळ्यातल्या चिखलात प्रत्येक बॉम्बबरोबर प्लेट आणखी रुतायची आणि नळीचा कोन बदलायचा. मग दगड, फळ्या, पडक्या घराची दारं, जे मिळेल ते खाली घालायचं, पाणसळीतला बुडबुडा बघून नळी पुन्हा सरळ करायची. पुढं एका टेकाडावर त्यांचा हवालदार दुर्बीण आणि टेलिफोन घेऊन पालथा पडलेला असे. तिथून तो आकडे सांगायचा, इथं बॉम्ब नळीच्या तोंडाशी धरून हात सोडायचा आणि मान खाली घालायची. लांबचा पल्ला हवा असेल तर बॉम्बच्या शेपटाला जादा दारू लावत. ती ओली झाली तर बॉम्ब आखूड पडायचा, आणि आखूड म्हणजे आपल्याच कंपनीवर. म्हणून पावसात ते आधी दारू झाकत, स्वतःला नंतर. हे सांगताना आजोबांचा आवाज बसलेला वाटायचा, चाळीस वर्षांनीसुद्धा.

एक गोष्ट मात्र ते हसून सांगत. १९४४ च्या उन्हाळ्यात, फ्लॉरेन्सच्या अलीकडे, पलटण एका जुन्या गढीत शिरली. आत गावोगावचे निर्वासित, आणि भिंतींना टेकून ठेवलेली मोठाली चित्रं. ‘‘फुलांत उभ्या ऱ्हायलेल्या बायका. साहेबानं लगेच पहारा लावला.’’ पुढं मी वाचलं, ती गढी म्हणजे मोंतेगुफोनी. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवायला तिथं नेऊन ठेवली होती आणि त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमाव्हेरा’ होतं. जगातलं एक अजोड चित्र काही काळ मराठी शिपायांच्या पहाऱ्यात होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शेवटची मोठी लढाई सेनिओ नदीची. नदीच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच बांध, आणि जर्मन त्या बांधांतच बिळं करून बसलेले. ९ एप्रिल १९४५ ला विमानांनी आणि तोफांनी आधी भाजून काढलं, मग पलटण पुढं गेली. त्या दिवशी संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी कंपनी कमांडर आणि दुसऱ्या एका जखमीला पाण्यातून, सुरुंगांतून ओढून आणलं. मग एकट्यानं मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली आणि बांधावर चढून ललकारी दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला तिसऱ्या बटालियनचे माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे टायबरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकटे तुटून पडले आणि तिथंच कामी आले. त्यांनाही तोच मान मिळाला, मरणोत्तर.

आजी मात्र या काळाचा दुसराच इतिहास सांगायची. पत्रात गावाचं नाव लिहायला मनाई, त्यामुळं नवरा कुठल्या देशात आहे हे तिला तो परत येईपर्यंत कळलं नव्हतं. शाळेतले गुरुजी पत्र वाचून दाखवत. दर पत्रात मजकूर एकच: मी खुशाल आहे, बैलाची काळजी घ्या.

घाडगे आणि जाधव यांची नावं इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. पण बेसप्लेट वाहणाऱ्यांची, आकडे ऐकून हात सोडणाऱ्यांची नावं मानपत्रांत येत नाहीत. ती माणसं आता राहिली नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकलेली पिढी सत्तरीत आहे. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत फौजेचं डिस्चार्ज बुक असेल तर ते बाहेर काढा, पलटणीचं नाव आणि शिपाई नंबर उतरवून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून जे आठवतं ते याच दिवाळीत लिहून काढा.