अस्थिमज्जादात्यांची नोंदणी

हाडांच्या पोकळीतील रक्तकोशिका निर्माण करणारे मृदू ऊतक म्हणजे अस्थिमज्जा. रक्ताचा कर्करोग, थॅलॅसेमिया इ. विकारांत निरोगी दात्याच्या मज्जेचे प्रतिरोपण करतात. भारतात ते प्रथम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये केले. दाता रुग्णाचे सख्खे भावंड होते. तथापि एका भावंडाशी ऊतक-प्रतिजनांचा पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. परक्या दात्यांची पहिली नोंदवही शर्ली नोलन यांनी १९७४ मध्ये लंडन येथे मुलगा अँथनी याच्यासाठी सुरू केली. दाता न मिळताच १९७९ मध्ये तो वारला. भारतात ‘दात्री’ ही नोंदणीसंस्था २००९ मध्ये चेन्नईस निघाली.

हे प्रतिजन आनुवंशिक असतात आणि आपल्याकडे विवाह बहुधा जातीतच होतात. त्यामुळे नीरा-भीमा खोऱ्यातील बारामती, इंदापूर तालुक्यांच्या रुग्णाला यूरोपातील प्रचंड नोंदवह्यांपेक्षा आसपासच्या गावांतील दात्यांचाच आधार अधिक. नोंदणीस गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो. प्रत्यक्ष दानही आता बहुतेक वेळा बाहूतील नीलेतून होते. मात्र प्रतिरोपणापूर्वी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतल्यास रुग्ण दगावण्याचा धोका असतो.