गुड्स ट्रेनचा एस

तोंडात दात बत्तीस, तरी ब्रश म्हणायचा ‘टूथब्रश’. दुकानात हजार जोड असोत, पाटी ‘शू शॉप’चीच. दोन नामे जोडताना पहिले एकवचनी ठेवायचे, हा इंग्रजीचा जुना शिरस्ता. मग ‘गुड्स ट्रेन’, ‘सेव्हिंग्ज बँक’, ‘आर्म्स रेस’ यांतला एस आला कुठून?

मुळात शिरस्ताच दिसतो तितका सोवळा नाही. ‘फाइव्ह-फूट पोल’मधला फूट एकवचनी दिसतो, पण त्याचे कूळ अनेकवचनाचे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मोजमाप सांगताना संख्येमागून नाम षष्ठीच्या अनेकवचनात यायचे: ‘फोता’. त्यातला शेवटचा स्वर बोलण्यात झिजला, पुढे गळाला, आणि उरलेले रूप एकवचनासारखे निघाले. मग सगळ्यांनी ते एकवचनच धरले.

एस टिकला तो अर्थाच्या जोरावर. गुड्समधला एस काढला की माल उतरतो आणि नुसती ‘चांगली गाडी’ उरते. आर्म्समधला काढला तर शस्त्र जाऊन हात राहतो. अनेकवचनाला स्वतःचा अर्थ मिळाला की त्याला मोडता येत नाही.

यात कस्टम्सचे प्रकरण सर्वांत गमतीचे. कस्टम म्हणजे रूढी. रूढीने राजाला द्यायची पट्टी तीही कस्टम. कवी चॉसर १३७४ साली लंडन बंदरात याच जकातीच्या हिशेबांवर देखरेख करायला नेमला गेला. जकात गोळा होण्याची जागा ‘कस्टम हाउस’ झाली, एसविना. हॉथॉर्नने १८५० च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेला हेच नाव दिले. खाते मात्र ‘कस्टम्स’ झाले. आपल्याकडे १८७८ चा कायदा ‘सी कस्टम्स ॲक्ट’, आणि मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधली इमारत ‘न्यू कस्टम हाउस’. खाते एकच, कायद्यात एस आहे, इमारतीच्या नावात नाही. व्याकरणकारांनी यावर नियम बसवायला जावे आणि फसावे.

मुलांना एस गाळण्याचा हा शिरस्ता कोण शिकवते? पीटर गॉर्डन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना विचारले, उंदीर खाणाऱ्याला काय म्हणाल? ‘माइस’ खाणारा त्यांच्या लेखी बिनदिक्कत ‘माइस-ईटर’ होता. ‘रॅट्स’ खाणारा मात्र ‘रॅट-ईटर’. एस त्यांनी आपणहून टाकला. असे जोडशब्द त्यांच्या कानावर क्वचितच पडलेले. तरी ‘माइस’सारखे आडवळणाचे रूप अख्खे पाठ असलेला शब्द आणि एस ही मागाहून लावायची गोष्ट, हा भेद त्यांना आतून ठाऊक होता.

एसचा दुसरा ओघ षष्ठीतून आला. अनेकवचनी षष्ठीत ॲपॉस्ट्रॉफी एसच्या मागे बसते, उच्चारात तिचा पत्ता नसतो, त्यामुळे पाट्यांवरून ती सहज गळते. अमेरिकेने १९५४ साली ‘व्हेटरन्स डे’ हे नाव घेतले ते ॲपॉस्ट्रॉफीविनाच: दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नव्हे, त्यांच्या सन्मानाचा, असा सरकारी खुलासा. आपली ‘लेडीज स्पेशल’ याच वाटेवरची. चर्चगेट-बोरिवली मार्गावर ती १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हा लेडीज डबा लोकलमध्ये केव्हाच रुळला होता. आणि बोलण्यात आपण आणखी पुढे गेलो आहोत: ‘एक लेडीज उतरायचीय’ म्हणताना त्या एसमध्ये अनेकवचनही उरलेले नसते, षष्ठीही नाही.