काटकसरीची धार: स्वीडनमधील मोरा सुरीचा इतिहास

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात सिल्यान सरोवराच्या उत्तर काठावर मोरा हे गाव असून, न मिटणाऱ्या पात्याची जी स्वस्त सुरी जगभर ‘मोरा’ याच नावाने विकली जाते, ती या गावाच्या आणि विशेषतः त्यालगतच्या ओस्तनूर या वस्तीच्या कारागिरीतून आली. सुतार, मासेमार, शिकारी आणि रानावनात भटकणारे हौशी लोक यांच्यात ती प्रिय झाली, याचे श्रेय सहसा तिच्या किमतीला दिले जाते. जमीन अपुरी, पोलाद महाग आणि लाकूड मुबलक अशा मुलखात सुरीचा जो घाट ठरत गेला, त्यातच ही स्वस्ताई मुरलेली होती. सुरी मालकाने स्वतः पाजवावी आणि गरजेप्रमाणे बदलून घ्यावी, ही रीतही त्याच घाटाने शक्य केली.

दालार्नात वडिलोपार्जित जमिनीची वाटणी मुलगे आणि मुली या सर्वांत होत असल्याने शेताचे तुकडे पिढीगणिक लहान होत गेले, आणि पोट भरण्यासाठी लोकांना एकतर हंगामी मजुरीला परमुलखात जावे लागे किंवा घरी एखादा जिन्नस बनवून तो दारोदार विकावा लागे. त्यातून गावागणिक एकेक कसब रुजले: वोम्हूसच्या टोपल्या, ओर्साच्या साणी, मोराची उभी घड्याळे. ओस्तनूरमधील सर्वांत जुन्या ज्ञात घड्याळावर 1792 हे साल असून, पुढे या धंद्यात घड्याळाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या घरांत बनू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी कारखान्यांतील स्वस्त घड्याळांनी हा धंदा बसवला, तरी धातुकामात मुरलेले हात गावातच राहिले. ओस्तनूरमध्येच 1865 साली फ्रॉस्ट मॅट्स मॅटसन यांनी धातुकामाचा जो उद्योग सुरू केला, तो पुढे नळांसाठी प्रसिद्ध झाला. अमेरिकेत लाकूडतोडीची मजुरी करून परतलेल्या फ्रॉस्ट एरिक एर्सन यांनी 1891 साली लाकूड वाहण्याच्या बर्फगाड्यांचा कारखाना काढला. त्यात सुऱ्या हे केवळ जोडकाम होते, परंतु कालांतराने मुख्य काम मागे पडून जोडकामच कारखान्याची ओळख बनले. दुसरा सुरी-कारखाना क्रोंग योहान एरिकसन यांचा, 1912 सालचा. ‘फ्रॉस्ट’ आणि ‘क्रोंग’ ही घरवाडीची नावे होत. त्या प्रांतात ती व्यक्तीच्या नावाआधी लावण्याची प्रथा आहे.

जुन्या स्कँडिनेव्हियन सुरीचे पाते तीन थरांचे असे: मधोमध कठीण पोलादाची पातळ पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना मऊ लोखंड, हे तिन्ही थर भट्टीत तापवून घणाखाली एकजीव केलेले. पोलाद महाग असताना ते केवळ धारेपुरते वापरावे, हा त्यामागचा हिशेब होता. पण त्याचा दुसराही लाभ असा की, पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर, मधला थर कडक होई आणि बाजूंचे मऊ लोखंड त्याला मोडण्यापासून वाचवी. 1858 साली गोरान फ्रेडरिक गोरान्सन यांनी वितळलेल्या बिडातून हवा सोडून पोलाद करण्याची बेसेमर पद्धत स्वीडनमध्ये यशस्वी केली, त्यानंतर पोलाद स्वस्त होत गेले आणि थर जोडण्याची आर्थिक गरज हळूहळू उरली नाही. आज बहुतेक मोरा सुऱ्यांचे पाते एकाच पोलादाचे, साध्या कार्बनी किंवा न गंजणाऱ्या, असते. थरांचे पाते लाकूड कोरण्याच्या काही सुऱ्यांत टिकून आहे.

पात्याचा उतार हेही या परंपरेचे वैशिष्ट्य आहे. पाठीपासून बऱ्याच खालपर्यंत पात्याची जाडी कायम राहते आणि तेथून दोन्ही बाजूंना एकेक रुंद, सपाट उतार थेट धारेला जाऊन मिळतो. इतर अनेक सुऱ्यांना धारेलगत जो दुसरा आखूड उतार असतो, तो येथे मुळात नसतो. त्यामुळे पाजवताना कोन अंदाजाने धरावा लागत नाही: उताराचा सपाट भाग निसण्यावर पूर्ण टेकवायचा, पुढची आणि मागची अशी त्याची दोन्ही टोके दगडाला लागली आहेत याची खात्री करायची आणि दुसऱ्या बाजूला पोलादाचा बारीक पदर उलटलेला बोटाला जाणवेपर्यंत घासायचे, मग बाजू बदलून तेच करायचे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर तो पदर काढून टाकायचा. या सोयीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: रुंद उतारावरचे बरेच पोलाद झिजवावे लागते आणि अतिशय पातळ धार हाडावर किंवा गाठाळ लाकडावर लवकर दुमडते वा तुटते. पाजवण्यासाठी लागणारा दगडही याच परिसरात होता. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उल्कापाताने सिल्यानभोवती जे वर्तुळाकार खोलगट भाग निर्माण झाले, त्यांत जुना वालुकाश्म टिकून राहिला, आणि ओर्साच्या लोकांनी तो फोडून शतकानुशतके साणी व निसणे बनवले. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन त्यांतील अनेक कारागीर अकाली मेले; स्वस्त धारेच्या हिशेबात हा खर्चही धरला पाहिजे.

सुरीत फेरफार करण्याची प्रथा मुठीपासून सुरू होते. जुन्या घाटाच्या सुरीत पात्याचे निमुळते शेपूट बर्चच्या, म्हणजे भूर्जाच्या जातीच्या, लाकडी मुठीत बसवलेले असते, आणि सुटी पातीही विकली जात असल्याने आपल्या हाताच्या मापाची मूठ कोरून घेणे हा स्वीडनमधील हस्तकलेचा एक रूढ भाग झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानातील स्वावलंबनाची विद्या शिकवणाऱ्यांनी, विशेषतः कॅनडातील मॉर्स कोचान्स्की (1940–2019) यांनी, ही साधी सुरी पुढे केल्यावर तिच्या फेरफारांना नवी कारणे मिळाली. 1903 साली कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या, ठिणग्या पाडणाऱ्या फेरोसेरियम मिश्रधातूची कांडी खरवडण्यासाठी पात्याच्या पाठीला तीक्ष्ण कंगोरा लागतो, म्हणून गोलसर पाठ कानशीने काटकोनात आणली जाते. कार्बनी पात्यावर व्हिनेगर किंवा मोहरीची चटणी लावून करडा थर मुद्दाम चढवला जातो, ज्यामुळे तांबडा गंज धरण्याचे प्रमाण कमी होते. बोटांना आड येणारा मुठीचा उंचवटा कापून टाकला जातो. महागड्या सुरीला कानस लावण्यास मालक कचरतो, मात्र येथे एखादे पाते बिघडले तरी नुकसान थोडे असते.

स्वीडनमध्ये 1988 सालच्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यावर बंदी आली, तरी कामासाठी किंवा अन्य रास्त कारणासाठी ती जवळ ठेवण्याची सवलत राहिली. फ्रॉस्ट आणि क्रोंग हे दोन्ही जुने सुरी-कारखाने 2005 साली एकत्र आले, आणि 2016 साली या परंपरेत प्रथमच मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीचे पोलाद असलेली, पाठीवर दांडक्याचे घाव घालून लाकूड फोडता येईल अशी जाड सुरी बाजारात आली. ती अधिक दणकट आहे, तशी अधिक महागही आहे, आणि दणकटपणासाठी जादा पोलाद खर्चण्याची तिची रीत जुन्या हिशेबाच्या उलट दिशेने जाते. तरीही पातळ पात्याची, आखूड शेपटाची साधी सुरी तिच्याशेजारी विकली जात आहे, कारण रोजच्या कापण्या-कोरण्याला तेवढेच पोलाद पुरते.